भिंत काय म्हैस हाय?

सत्तर सालच्या पावसाळ्यात आमच्या गावात तीन माणसांचे उजवे खांदे एकामागोमाग धरले. तापाची साथ ऐकली होती, डोळ्यांची ऐकली होती. खांद्याची साथ आमच्याच गावानं काढली. कुणी म्हणालं पाण्यात दोष आहे, कुणी म्हणालं वाऱ्यात. गिरणीवाला सहादेव म्हणाला, "दोष कशात बी असू द्या, पन डाव्यात भरायचा ना!"

खांदा धरणं ज्याला झालेलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. हात भाकरी मोडतो, पुढं येतो, खाली जातो. वर मात्र जात नाही. टोपी घालायची तर डोकंच टोपीकडं न्यावं लागतं. सदरा काढायला दुसरं माणूस लागतं. मला हे ठाऊक, कारण तिघांचेही सदरे-चोळ्यांचे हाल मी शेजारून पाहिले. सहादेवची गिरणी आमच्या दारासमोर. यज्ञेश्वर गुरुजींनी मला सातवीपर्यंत शिकवलेलं. ते शाळेतून निवृत्त झाले तरी माझ्या ओसरीवर येऊन माझं शुद्धलेखन तपासायचं काही सोडेनात. आणि तिसरी राहीकाकी, आमच्या भिंतीला भिंत लागून.

गोष्ट तिचीच सांगायची आहे. बाकीचे दोघे मध्ये मध्ये येतील. ते तसेही सारखे येतच असत.

राहीकाकी तेव्हा पन्नाशीची. गहिनीकाका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मातीच्या भिंतींचं दोन खणांचं घर, दारात एक गाय, आणि वाट्यानं दिलेला जिराईत तुकडा. बाई बोलायला तिखट, पण आवाजात कायमचा थकवा. 'या बसा' म्हणायची तेसुद्धा अशी, की बसणाऱ्याला वाटावं आपण हिला आणखी एक काम लावलं. मी तिला एकदा विचारलं होतं, "काकी, तुमी कदी खुशीत नसता का वं?" तर म्हणाली, "असते की. तवा बी दमलेलीच असते."

आमच्या गावविहिरीची कप्पी कुणी नेली ते देव जाणे. दोरी काठावरून हातांनीच ओढायची. शेंदणं म्हणतात त्याला. एक हात खाली, दुसरा त्याच्या वर, पुन्हा खालचा वर. उजवा हात छातीच्या वर गेला नाही तर बादली अर्ध्या विहिरीत लोंबकळत राहते. काकीचं तेच झालं. मग तिच्या दोन कळशा पलीकडची लंकाबाई भरून द्यायची. लंकाबाई मनाची मोठी, पण तोंडाचीही मोठी. "राहे, तुझं पानी ठिवलं गं!" ही हाक सगळ्या आळीला ऐकू जायची. त्या हाकेसरशी काकीचं तोंड उतरायचं.

दसऱ्याला तिचा भाऊ आला. राधाकृष्ण, शेवगावकडचा, सरळ माणूस. त्यानं ही हाक ऐकली, बहिणीचा हात पाहिला, आणि जेवून उठल्यावर म्हणाला, "अक्का, दुसऱ्याच्या पान्यावर एकट्या बाईनं किती दिस काढायचे? चल माझ्याकडं. तुझी भावजय भागूबाई बी म्हनती, आना त्यांना."

"मला काय झालंय?"

"हात गेलाय तुझा."

"गेला न्हाई. रुसलाय."

राधाकृष्ण हसला, पण मागं हटला नाही. शेवटी दोघांचं असं ठरलं: आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो गाडी जुंपून येणार. तोवर हात चालला, त्याच्या देखत तिनं स्वतःचं पाणी स्वतः शेंदलं, तर तिनं राहावं. नाहीतर गाय गाडीमागं बांधायची, घराला कुलूप घालायचं आणि निघायचं. काकीनं होकारार्थी मान हलवली. तो गेल्यावर मला म्हणाली, "भागू वाईट न्हाई रे कानिफा. पन तिच्या घरात चुलीम्होरं बसायचं तरी 'बसू का' म्हनावं लागंल. हितं मी कुनाला ईचारती?"

म्हणून मग दिवाळीच्या आधी मी तिन्ही खांदे यष्टीत घालून नगरला नेले. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिघांना एकच सांगितलं: औषध थोडं, व्यायाम फार. आणि व्यायाम शिकवायला एका बाईंकडं पाठवलं. त्या बंगळूरकडच्या. स्वभाव गोड, मराठी मोजकं. आधी गुरुजी आत गेले, मग सहादेव. मग काकी, आणि सोबत मी.

बाईंनी स्वतःचा तळवा भिंतीला टेकवला आणि हळूहळू वर नेला. मग मोठा गोल फिरवला. "असं. भिंतीवर. वर, मग गोल. रोज."

काकीनं बारकाईनं पाहिलं. "कशानं?"

"हातानं."

"नुसत्या हातानं? फडकं न्हाई?"

बाईंना फडकं कळलं नसावं. "नाही, नाही. हात."

"कोरडं का वलं?"

बाईंना वाटलं ही शेकण्याबद्दल विचारते. "ओलं. गरम पाणी. आधी गरम, मग भिंत."

"किती येळा?"

"सकाळी, संध्याकाळी."

काकीनं मान डोलावली. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "हुशार हाय बाई. एवढ्या मोठ्या दवाखान्यात बसून सारवन शिकवती."

मी म्हणालो, "काकी, सारवन न्हाई, व्यायाम."

"मग ते काय येगळं हाय? भिंतीवर हात, फडकं न्हाई, वलं पायजे, खालनं वर न्यायचं आन गोल फिरवायचं. ऊन पानी मातूर मी कदी घातलं नव्हतं. ऊन पान्यात शेन चांगलं फुटत आसंल."

येताना यष्टीत गुरुजींनी तिला समजवायचा पुष्कळ प्रयत्न केला. "अगं राहीबाई, शेण नको, माती नको, काही नको. नुसता हात फिरवायचा."

काकी खिडकीबाहेर पाहत होती. तिकडंच पाहत म्हणाली, "गुर्जी, नुसता हात कशाला फिरवायचा? भिंत काय म्हैस हाय?"

अख्खी गाडी हसली. कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवली. गुरुजीही हसले आणि त्यांनी तो विषय तिथंच सोडला. माणूस दमलेलं असलं की त्याच्याशी वाद घालू नये, हे त्यांना शाळेतल्या इतक्या वर्षांत कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांत व्यायाम सुरू झाला. सहादेवचा तर गावभर. तो गडी लहानपणी तालमीत गेलेला. त्यानं गिरणीच्या भिंतीला तळवा टेकवला आणि जोर काढावेत तसा हात वर-खाली सुरू केला. गिरणी चालू, पट्टा फिरतोय, पीठ उडतंय आणि सहादेव घाम गाळतोय. बाया पाट्या घेऊन उभ्या. बाईंनी सांगितलेल्याच्या दुप्पट, मग तिप्पट. मला म्हणायचा, "कानिफा, ह्यो खांदा म्हंजी अडकलेलं जातं हाय. हिसकाच द्याया लागतो." त्यानं हिसका दिला. आठवडाभरात खांद्यानं त्याला असा हिसका दिला की तीन दिवस त्याची बायकोच गिरणी चालवत होती. चौथ्या दिवशी तो उठला तो म्हणाला, "आपल्या अंगाला ह्यो बायकी व्यायाम मानवत न्हाई." संपलं.

गुरुजींचं वेगळं. ते सांगितलं तेवढंच करायचे, नेमकं, शांतपणे, पण दार लावून. म्हाताऱ्या मास्तरला भिंत कुरवाळताना कुणी पाहू नये, ही लाज. दार लावायचं म्हणजे घरात माणसं नसली पाहिजेत. दिवाळीत पाहुणे आले, दार लावता येईना. पाहुणे गेले, मग पुतणीचं लग्न. लग्न झाल्यावर म्हणाले, "आता मोडलंच आहे, तर येत्या सोमवारपासून नीट घेतो." तो सोमवार मी फार दिवस पाहिला. दर आठवड्याला यायचा आणि ओसरीवर माझ्याशी गप्पा मारून जायचा.

आणि काकी? काकीनं आदल्या संध्याकाळीच शेण घमेल्यात भरून दाराआड ठेवलं. सकाळी चुलीवर पाणी ऊन करून त्यात घातलं, थोडी पांढरी माती मिसळली, डाव्या हातानं कालवलं आणि उजव्या हातानं दाराशेजारच्या भिंतीला पहिला पट्टा दिला. कमरेपासून जेमतेम बेंबीच्या वर. तिथं हात अडला. तिनं डोळे मिटले, ओठ चावला, आणखी बोटभर वर नेला आणि "आई गं" म्हणून खाली आणला. मग शेजारी दुसरा पट्टा.

मी म्हणालो, "दुखतंय तर ऱ्हाऊ द्या आज."

"आन हे कालवलेलं? हे काय लोनचं हाय, उद्याला मुरंल?"

तेव्हा मी हसलो. पण पुढं कितीतरी सकाळी मी हेच ऐकलं. थंडी पडली, बोटं काकडायला लागली, खांदा तर थंडीनं आणखी आवळला. काकी उठायची ती कण्हतच. "कट्टाळा आला बाई या जल्माचा," म्हणत दाराशी यायची. दाराआड घमेलं दिसायचं. शेण तसंच ठेवलं तर वाळून त्याचा दगड होणार, कालवून ठेवलं तर वास सुटणार. तेवढ्यासाठी ती हात घालायची. हात घातला की भरायचा. भरलेला हात धुवायचाच, तर धुवायच्या आधी एक पट्टा देऊन टाकू. एक दिला की तो एकटा ओला पट्टा भिंतीवर असा दिसायचा की शेजारचा द्यावाच लागे. अशी ती रोज सापडायची. व्यायामाची हौस तिला एक दिवसही आली नाही. हौस सहादेवला होती.

रोज रोज सारवल्यावर भिंतीचं काय होतं? जाड होते. थरावर थर बसले आणि एके दिवशी उन्हानं भलामोठा पोपडा फुगून पडला. लंकाबाई ओरडली, "राहे, तुझी भिंत बाळंत झाली गं!" मग काकी पोपडे खरवडायला लागली. खरवडायला हात आणखी ताणायला लागतो. एक दिवस खरवडायचं, एक दिवस सारवायचं. कुणी न सांगता व्यायामात दुसरा व्यायाम निघाला.

आणि ती भिंत रस्त्यावर. खाली ताजा, हिरवट ओला पट्टा, वर जुनी फिकी माती, मध्ये बोटांच्या फराट्यांची वाकडीतिकडी रेघ. हात जिथवर गेला तिथवर हिरवं. येणारा-जाणारा पाहायचा. "काय राहीबाई, बरगडीला आलं?" "काखंला आलं का वो काकी?" काकी वैतागायची. "माज्या काखंची चवकशी कशाला रं मुडद्या, तुजी कामं न्हाईत का?" वैतागायची, पण दुसऱ्या दिवशी रेघ खाली येऊ देत नव्हती. लोक बघतील ना.

संक्रांतीपर्यंत रेघ खांद्याला आली आणि तिथं रुतली. आज बोटभर वर, उद्या पुन्हा तिथंच. काकी विहिरीवर जाऊन पाहायची. बादली अर्ध्यावर यायची आणि डाव्या हाताला रग लागून परत सुटायची. त्यात उन्हाळा पुढं दिसत होता. पाणी खाली जाणार, दोरी लांबणार. हात चढतो बोटानं आणि पाणी उतरतं हातानं, असा तो हिशेब.

संक्रांतीला राधाकृष्ण तिळगूळ घेऊन आला. त्यानं भिंत पाहिली. "चांगली केलीस की अक्का भिंत," म्हणाला, आणि मग हळूच, "पन आता पुरं कर. किती जीव काढशील? आखितीला येतोच मी."

त्यानं मायेनं म्हटलं. पण ते 'पुरं कर' काकीच्या मनात असं बसलं की दुसऱ्या सकाळी तिनं घमेलं पालथं घातलं आणि शेणाच्या गोवऱ्या थापल्या. तिसऱ्या दिवशीही गोवऱ्याच. मी ओसरीवरून पाहत होतो. गुरुजी म्हणाले, "सुटलं बहुतेक. खांद्यापाशी सगळ्यांचंच सुटतं." त्यांना त्यातलं कळत होतं.

पंधरवडाभर भिंत कोरडी होती. गायीचं दूध काढताना काकीचा हात पुन्हा आखडलेला दिसायला लागला. लंकाबाईची हाक तशीच चालू. एकदा काकी मला म्हणाली, "कानिफा, गायीला तिकडचं पानी मानवंल का रे?" मी म्हणालो, "मानवंल." आणि आत जाऊन बायकोवर उगाच ओरडलो.

आता इथं निवडणूक येते. एकाहत्तर सालची, दिल्लीची. माघात गावोगाव भिंती रंगवणारे फिरायला लागले. आमच्या गावात आले तेव्हा त्यांना अख्ख्या आळीत एक भिंत अशी दिसली की गुळगुळीत, पक्की, रस्त्यावर, आणि तिची मालकीण शेतावर गेलेली. त्यांनी गेरूनं खांद्याच्या उंचीपासून वर, वळचणीपर्यंत मजकूर काढला. सगळ्यात वर भलीमोठी निशाणी, तिच्याखाली उमेदवाराचं नाव, आणि तळाला 'यांनाच प्रचंड मतांनी विजयी करा'.

काकी परत आली आणि भिंतीसमोर उभी राहिली. वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, "काय लिव्हलंय?" मी वाचून दाखवलं.

"माज्या भिंतीवर? मला न ईचारता?"

तेवढ्यात लंकाबाई आली, कपाळावर हात मारत. तिच्या पोराचं लग्न फाल्गुनात. मांडव पडायचा तो तिच्या अंगणात, म्हणजे काकीच्या याच भिंतीला लागून. आणि नवरीकडचे पाहुणे नेमके दुसऱ्या पक्षाचे, कट्टर. "राहे, ह्या निशानीखाली अक्षता पडल्या तर व्याही मांडवातनं उठून जाईल गं! आत्ताच्या आत्ता पूस. न्हाईतर बाजूला सर, माझी जाऊ शिडी लावून सारवंल."

आता खरं तर जावेनं सारवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण काकीचा चेहरा पाहिला मी. पाण्याची हाक गिळली होती तिनं, भिंतीची गिळेना.

"माज्या भिंतीला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाई."

"मग तू पूस."

"पुसते."

"कदी?"

"लगीन कदी हाय?"

दुसऱ्या दिवशी घमेलं पुन्हा दाराआड आलं. मी पाट नेऊन दिला, म्हटलं यावर उभ्या राहा. तिनं उभं राहून पाहिलं. पाट मातीत डुगडुगला, ती भिंतीला धडकली, आणि तो पाट तिनं अंगणात असा भिरकावला की तो आमच्या दारात येऊन पडला. रागातसुद्धा उठला तो डावाच हात, हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मग ती जमिनीवरूनच लागली. सगळ्यात आधी 'मतांनी विजयी करा' गेलं. 'यांनाच प्रचंड' तेवढं उरलं. चार दिवस लोक येता-जाता मोठ्यानं वाचायचे, "यांनाच प्रचंड! काय प्रचंड वं काकी?" काकी म्हणायची, "दुखनं." मग ती ओळ गेली. मग हात उमेदवाराच्या नावापाशी अडला. तिथं बरेच दिवस गेले. खालून काने-उकार गिळत गिळत नावाची नुसती शिरोरेघ उरली, तेव्हा त्या पक्षाचा एक पोरगा सायकल थांबवून म्हणाला, "आजी, मतं खाताय तुम्ही आमची!"

"तुमच्या मतानं माझा खांदा खाल्ला त्याचं काय?"

ती निशाणी मात्र वर राहिली. लग्न चार दिवसांवर आलं. लंकाबाई रोज सकाळी येऊन भिंत बघून जायची. काकी सकाळ-संध्याकाळ लागलेली. टाचा उचलून, गाल भिंतीला टेकवून, डाव्या हातानं उजव्या कोपराला खालून रेटा देऊन. हात वर गेला की शेणाचं पाणी मनगटावरून चोळीत उतरायचं. मला पाहवेना आणि पाहिल्याशिवाय राहवेना.

हळदीच्या दिवशी निशाणीचा वरचा तुकडा तेवढा शिल्लक होता. तो तिच्यानं निघाला नाहीच. लंकाबाईनं त्यावर आंब्याचे डहाळे बांधले. व्याही आला, त्यानं भिंत पाहिली, म्हणाला, "भिंत भारी सारवलीय." लंकाबाई म्हणाली, "आमची राहीबाई हाय शेजारला." मग पंक्तीत काकीला ताट वाढताना हळूच म्हणाली, "डोक्याच्या वर गेलाय गं तुझा हात. माझं ध्यानच न्हाई." काकी जेवत होती. म्हणाली, "माजं बी."

इथं गोष्ट संपली असं कुणाला वाटेल. पण भिंत म्हणजे विहीर नव्हे. सारवताना हाताला वजन नसतं. चैत्रात पाणी चांगलंच खाली गेलं, आणि काकी पहाटे बायांची गर्दी व्हायच्या आत विहिरीवर जाऊ लागली. पहिल्यांदा तांब्या सोडला दोरीला बांधून. मग लहान डोल. मग अर्धी बादली. घरी येऊन खांद्याला मीठ तापवून शेकायची, आणि मग पुन्हा भिंत. मी विचारलं, "आता भिंत कशाला?" तर म्हणाली, "शेकल्यावर हात ढिला पडतो. ढिल्या हाताला काम दिलं न्हाई तर झोपतो त्यो." बंगळूरच्या बाई 'आधी गरम, मग भिंत' म्हणाल्या होत्या ते हेच. बाईंना सांगायचं होतं ते काकीला सहा महिन्यांनी कळलं, तेही खांद्याकडून.

मधे एकदा दोरी हातातून सुटली, तळवा सोलून निघाला. त्या दिवशी ती काठावर बसून रडली. मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहिली. लंकाबाईची नवी सून पाणी भरायला आली होती. तिनं काकीची कळशी भरली. काकीनं ती कळशी उचलली, घरी नेली आणि गायीपुढं ओतली. स्वतः त्यातलं घोटभरही घेतलं नाही.

आखिती उजाडली. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची नवी केळी, म्हणजे छोटं मडकं, पाण्यानं भरतात, वर आंबा ठेवतात. गेलेल्याला उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून. राधाकृष्ण दिवस वर यायच्या आत गाडी घेऊन आला. गाडीत कडबा पसरलेला, त्यावर गोधडी. बहिणीला ऊन लागू नये म्हणून वर तट्ट्या बांधलेल्या. काकी ते सगळं पाहत उभी राहिली. मग आत गेली, नवी केळी आणली, बादली आणि दोर घेतला. "चल," म्हणाली.

विहिरीवर चार-सहा बाया होत्या, त्या बाजूला झाल्या. मी होतो. गुरुजी काठीवर हात ठेवून लांब उभे. सहादेवनं गिरणी बंद ठेवली होती, वर सगळ्यांना सांगत होता, पट्टा तुटलाय म्हणून.

बादली खाली गेली. खूप खाली. पाण्याचा आवाज वरपर्यंत यायला वेळ लागला. काकीनं काठाला गुडघा टेकला आणि ओढायला लागली. डावा. उजवा. उजवा हात कानापर्यंत जायचा, तिथं अडायचा, मग दोरी धरून खाली यायचा. प्रत्येक वेळी मधे थांबायची. इतकी थांबायची की वाटावं, आता सोडते. एका थांब्यावर राधाकृष्णानं पुढं होऊन दोरीला हात घातला.

"सोड राधू."

"अक्का, अगं..."

"सोड म्हनलं ना."

त्यानं सोडली. बादली वर आली ती अर्धी सांडलेली. काकीनं ती काठावर टेकवली आणि तिच्याच कडेला कपाळ टेकून उभी राहिली. मग केळी भरली. गहिनीकाकाची केळी भरून पाणी उरलं ते भावापुढं धरलं. तो ओंजळीनं प्यायला. त्याच्या मिशीवरून पाणी गळत होतं आणि तो काही ते पुसेना.

"आज काढलंस," तो म्हणाला. "रोज निघंल का?"

"रोजचं कोन सांगतंय? तुज्या रोजचं तू सांगतोस का?"

घरी आल्यावर तिनं केळीवर आंबा ठेवला, हात जोडले. उजवा हात जोडताना डाव्यापेक्षा थोडा खाली होता. मग भावाला पुरणाचं जेवण वाढलं. गाय दावणीलाच राहिली. ऊन उतरल्यावर त्यानं बैल जुंपले. गाडीतली गोधडी तशीच, कुणी न बसलेली. कासरा हातात घेऊन तो चाकाशी उभा राहिला.

"घरी काय सांगू अक्का? भागूबाईनं तुझ्यासाठी पडवीची खोली काढली. आठ दिस झालं, रोज सारवतीय."

काकी उंबऱ्यावर बसलेली होती, उजवा हात मांडीवर टाकून. इतकी दमली होती की हसू यायलाही वेळ लागला.

"सारवू दे की," म्हणाली. "तिचा तरी खांदा मोकळा ऱ्हाईल."